आंबणे आणि नासणे

एका कबुलीने सुरुवात करतो. २०१३ सालच्या दिवाळीत एका जुन्या मित्राने बेल्जियमहून खास माझ्यासाठी आणलेली बिअरची बाटली मी मोरीत ओतून दिली. आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून, "फारच छान होती रे" असे सांगितले. पहिली चूक अज्ञानाची होती. दुसरी मात्र चूक नव्हती, खोटेपणा होता. आज लिहितो आहे ते या दोन्हींविषयी, आणि त्या बाटलीत जे होते त्याविषयी.

आधी माझी पात्रता सांगायला हवी. माझ्या पिढीला बिअर म्हणजे पिवळी, कडवट आणि दातांना कळ लागेल इतकी गार, एवढेच ठाऊक. चवीचा विचार करायचा असतो हे आमच्या गावीही नव्हते; बाटली गार आहे की नाही, एवढाच रसास्वाद! मग २००९ साली पुण्यात डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी निघाली. (हा इंग्रजी शब्द आपल्या देवळालीवरूनच बनलेला आहे. मायदेशी परतण्याची बोट येईपर्यंत तिथल्या छावणीत कंटाळून वेडेपिसे होणाऱ्या गोऱ्या सोल्जरांनी तो बनवला.) तिथे गव्हाची बिअर, काळी बिअर असे काही काही चाखायला मिळाले आणि मी बिघडलो. म्हणजे रसिक झालो. वही घातली. कोणती बिअर, कुठली, रंग कसा, वास कसा, शेवटी जिभेवर काय राहिले, हे सारे तारीखवार लिहू लागलो. वेगवेगळ्या आकारांचे पेले जमवले. "चहाच्या कपाला कान नसला तरी चालतो या माणसाला, आणि ह्याला म्हणे पेला ट्यूलिपच्या आकाराचाच हवा," ही आमच्या सौभाग्यवतींची त्यावरची टिप्पणी. नात्यागोत्यात मी 'बिअरमधला जाणकार' ठरलो होतो, आणि घात झाला तो तिथेच.

मित्र ब्रसेल्सला दोन वर्षे नोकरीनिमित्त होता. परत येताना लोकरीच्या पायमोज्यांत गुंडाळून त्याने ती बाटली आणली. जाड काचेची, शॅम्पेनसारखी. वर धातूचे झाकण, ते काढले की आत पुन्हा लाकडी बूच. "घाई करू नकोस," एवढेच तो म्हणाला. मी घाई केली. भाऊबीजेला साडू आणि मेहुणे जमले होते, त्यांच्यावर छाप पाडायची ही संधी होती. सवयीप्रमाणे बाटली फ्रीझरमध्ये ठेवली, बूच उडवले, पेले भरले.

पहिल्या घोटाला चौघांचेही चेहरे एकाच वेळी आक्रसले. आंबट! साधेसुधे आंबट नव्हे. कैरीच्या कोयीलगतचा गर दाताखाली यावा तसे. त्यावर एक विचित्र वास. आतून सौभाग्यवती विचारत्या झाल्या, "व्हिनेगरची बाटली कुणी सांडली का?" साडू म्हणाले, "विमानतळावर उन्हात राहिली असणार." सगळे माझ्याकडे पाहू लागले. जाणकाराने निकाल द्यायला हवा होता. मी पेला उजेडात धरला, पुन्हा हुंगला आणि गंभीरपणे सांगितले, "नासली आहे." मग मोरी, आणि दुसऱ्या दिवशीचा तो फोन. मी बिअरचे कौतुक केले तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "हो का? बरं झालं." आणि विषय बदलला.

पुढे तीनेक वर्षांनी मायकेल जॅक्सन यांचे एक पुस्तक हाती आले. हे गायक नव्हेत. बिअरवर लिहिणारे इंग्लिश लेखक. १९४२ साली जन्मले, २००७ साली गेले. बेल्जियमच्या बिअरकडे जगाचे लक्ष वेधले ते मुख्यतः त्यांच्या लिखाणाने. त्यात 'ग्योझ' या प्रकाराचे वर्णन वाचताना माझे कान तापले. आंबट, कोरडी, गोठ्याची आठवण करून देणारा वास. म्हणजे ती बाटली नासलेली नव्हतीच! ती जशी असायला हवी, अगदी तशीच होती. नासले होते ते परीक्षण.

या ग्योझचे गूढ समजायचे तर थोडे मागे जावे लागते. बिअर म्हणजे मुळात मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले उकळतात. यीस्ट या काढ्यातली साखर खाते आणि त्यातून मद्यार्क व वायू तयार होतो. हजारो वर्षे माणूस बिअर करत आला, पण हे काम कोण करते ते त्याला माहीत नव्हते. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ती बिघडते कशी हे दाखवून दिले. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवून दाखवला. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांनी बिअरवाल्यांना खात्रीचे विरजण दिले. तेव्हापासून जगभरच्या बिअर कारखान्यांत स्वच्छता आणि खात्री आली. आज मुंबईत प्यायलेली बाटली आणि सहा महिन्यांनी नागपुरात प्यायलेली बाटली यांची चव तंतोतंत एक लागते, ती या शोधामुळे. हा काही लहान उपकार नव्हे.

पण ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेचा सेन नदीकाठचा मुलूख इथले काही लोक या विरजणाच्या वाटेला गेलेच नाहीत. ते काढा करतात आणि रात्रभर उघडा ठेवतात. विरजण घालतच नाहीत. वाऱ्यावरून जे येईल आणि जुन्या लाकडात जे मुरलेले असेल, त्यालाच ते काम करू देतात. या बिअरला 'लॅम्बिक' म्हणतात. आणि एक वर्षाचे, दोन वर्षांचे व तीन वर्षांचे लॅम्बिक एकत्र करून बाटलीत भरले की होते ते ग्योझ.

२०१९ सालच्या फेब्रुवारीत मुलीकडे हॉलंडला गेलो होतो. तिथून रेल्वेने ब्रसेल्स काही तासांवर. मिडी स्टेशनात उतरून चालत निघालो. पत्ता आंडरलेख्त भागातला. पर्यटकांच्या ब्रसेल्सशी त्याचा काही संबंध नाही. साधी दुकाने, गॅरेजे, रस्त्याला लागून उभ्या इमारती. त्यातल्याच एका साध्या दारावर नाव होते: कांतियों. १९०० साली कांतियों कुटुंबाने सुरू केलेला हा कारखाना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांना गोड पेये आणि सोनेरी, सौम्य लागर बिअर आवडू लागली, तेव्हा शहरातले जुने लॅम्बिकवाले एकामागून एक बंद झाले. कांतियोंचे जावई झां-पिएर फान रोय यांनी हा कारखाना हाती घेतला आणि बदलायचे नाकारले. १९७८ साली त्यांनी चालू कारखान्यालाच संग्रहालय करून टाकले. लोक आपली बिअर का पीत नाहीत म्हणून कुढण्यापेक्षा, ती कशी होते ते त्यांना दाखवावे, हा विचार मला फार आवडला. आता त्यांचे चिरंजीव झां फान रोय कारखाना पाहतात.

तिकीट काढले की हातात माहितीपुस्तिका देतात आणि आपले आपण फिरायचे. लाकडी जिना चढून माळ्यावर गेलो आणि थबकलो. समोर गुऱ्हाळातली काहील होती! तशीच रुंद, तशीच उथळ. फक्त चौकोनी आणि तांब्याची. सुमारे साडेसात हजार लिटर काढा तिच्यात मावतो. त्यात दोन भाग माल्ट आणि एक भाग कच्चा गहू, असा ढोबळ हिशोब. हॉप्स ताजे नव्हेत, दोन-तीन वर्षे मुद्दाम जुने केलेले; कारण इथे त्यांचा कडवटपणा नको असतो, फक्त राखणदारी हवी असते. काही तास उकळून आटवलेला काढा संध्याकाळी या काहिलीत सोडतात, झरोके उघडे ठेवतात आणि निघून जातात. रात्रीच्या थंड हवेत तो निवतो. सकाळी खालच्या लाकडी पिंपांत भरतात. पुढचा कारभार माणसाच्या हातात नाही.

माळ्यावर, तुळयांना, पिंपांच्या फटींत कोळिष्टके होती. ती काढत नाहीत. फळांच्या आणि आंबण्याच्या वासाला चिलटे येतात, आणि चिलटांचा बंदोबस्त कोळी करतात. आमच्या आजीने तो माळा पाहिला असता तर केरसुणी घेऊनच वर गेली असती.

खाली पिंपांच्या रांगांमधून फिरताना पुस्तिकेतल्या एका मजकुरावर मी अडकलो. पिंपात एकामागून एक पाळ्या चालतात. आधी काही जिवाणू येऊन जातात, मग नेहमीचे यीस्ट येते आणि फेस बुचाच्या भोकातून उतू जातो. ते थकले की पेडिओकॉकस नावाचे जिवाणू आंबटपणा आणतात. आपल्या दह्यात असते ते लॅक्टिक आम्लच. पण यांचा एक उपद्व्याप असा की कधी कधी त्यांच्यामुळे बिअर चिकट, बुळबुळीत होते. तिला चक्क तार सुटते.

तार! हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात फाशीच्या शिक्षेसारखा आहे. वरणाला तार आली, दह्याला तार सुटली, की पुढे चर्चा नाही, ते टाकायचे. आणि ते योग्यच आहे, वरण वाट पाहून सुधारत नाही. लॅम्बिकवाले मात्र या अवस्थेला 'आजारी' म्हणतात, 'मेलेले' नव्हे. ते पिंपाला हात लावत नाहीत. कारण सर्वांत शेवटी, अतिशय संथपणे, ब्रेटॅनोमायसिस नावाचे दुसरे यीस्ट कामाला लागते. १९०४ साली क्लॉसेन या कार्ल्सबर्गच्याच शास्त्रज्ञाने इंग्लिश बिअरमध्ये ओळखलेले हे यीस्ट बहुतेक कारखान्यांत शत्रू मानले जाते. इथे तेच वैद्य. ते ती तार खाऊन टाकते, बिअर पुन्हा पातळ आणि स्वच्छ होते, आणि गोठ्याचा, चामड्याचा, फळांच्या सालीचा तो विलक्षण गंध मागे राहतो. याला महिने लागतात, कधी वर्ष.

मी त्या थंड तळघरात उभा राहून 'नासली आहे' हे माझे शब्द आठवत होतो. आपल्या भाषेत आंबणे आणि नासणे हे दोन वेगळे शब्द आहेत. इडलीचे पीठ आंबते, दूध नासते. वैद्यांची आसवे आणि अरिष्टे तर धायटीची फुले घालून आंबवलेलीच असतात. ज्याच्या घरात हा भेद रोज सकाळी पाळला जातो, त्या माणसाला तो पेल्यात ओळखता आला नाही. याचे कारण जीभ नव्हती. बिअर अशी लागत नाही, हे मी घोट घेण्याआधीच ठरवून बसलो होतो.

फेरीच्या शेवटी चाखायला देतात. आधी कोवळे लॅम्बिक. त्यात बुडबुडे जवळजवळ नाहीतच. सपाट, आंबट, काहीसे एकसुरी. मग ग्योझ. बाटली आडवीच, वेताच्या परडीत, तळाचा गाळ ढवळू नये म्हणून. गारवा तळघराचा, बर्फाचा नव्हे. फार गार केले की जीभ बधिर होते आणि गंध कोंडून राहतो. (माझा फ्रीझर!) यातला वायूही कुणी बाहेरून भरलेला नसतो. एक वर्षाच्या लॅम्बिकमध्ये थोडी साखर उरलेली असते, तीन वर्षांच्यात परिपक्व गंध असतो. दोन्ही बाटलीत एकत्र आले की म्हाताऱ्याच्या अनुभवावर पोराचा उत्साह चढतो आणि बुडबुडे तयार होतात.

या वेळी मी वहीत लिहिलेला क्रम पाळला. आधी नुसता वास. पावसात भिजलेले गोणपाट, त्यामागून पपनसाची साल, आणखी मागे कडब्याची गंजी. मग अगदी लहान घोट, आणि गिळल्यावर नाकाने हळूच श्वास सोडायचा. चवीतला निम्मा मजकूर तेव्हा कळतो. पहिल्यांदा आंबटपणाच अंगावर आला, आणि चेहरा पुन्हा आक्रसला. दुसऱ्या घोटाला तो आंबटपणा बाजूला सरकला आणि लिंबाच्या सालीचा बारीक कडवटपणा दिसला. तिसऱ्याला लाकूड. चौथ्याला कळले की यात गोडवा नावालाही नाही, तरीही काही उणे वाटत नाही. मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नशेसाठी हे पिणे मूर्खपणाच. जेवढे चाखले त्याच्या तिपटीने मी विचार करत बसलो.

आवडले का? खरे सांगायचे तर त्या दिवशी 'आवडले' हा शब्द वहीत लिहिला नाही. लिहिले ते एवढेच: 'आंबट. नासलेले नाही. पुन्हा चाखले पाहिजे.'

निघण्यापूर्वी पाऊण लिटरची एक बाटली घेतली. तिथेच काचेपलीकडे कुणी काम करत होते, आणि बाहेर फेब्रुवारीतली बोचरी थंडी होती. ही थंडीच या कारखान्याचे भांडवल. रात्र पुरेशी गार नसली तर काढा वेळेत निवत नाही आणि नको ते जिवाणू शिरजोर होतात. म्हणून बिअर करायची ती साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. २०१५ सालच्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार राहिल्या की कांतियोंला काम काही काळ थांबवावे लागले होते. यंत्राने काढा थंड करणे अवघड नाही, पण मग वाऱ्यावरून येणारा पाहुणा यायचा कसा? लॅम्बिक आणि ग्योझ या नावांना युरोपात १९९७ पासून कायद्याचे संरक्षण आहे. २०१६ साली बेल्जियमची बिअर-संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली. नावाला संरक्षण देता येते. थंड रात्रीला कोण देणार? ज्या बिअरने लागरला आणि गोड पेयांना दाद दिली नाही, तिला आता थर्मामीटरमधला पारा घाबरवतो आहे. तीन वर्षांपूर्वीची एक थंड रात्र बाटलीत घेऊन मी चाललो आहे, असे मला स्टेशनकडे परतताना वाटत होते.

पुण्याला आल्यावर मित्राला फोन केला. "संध्याकाळी ये. एकटाच ये." तो आला. या वेळी ना साडू, ना मेहुणे. बाटली दोन दिवस घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवलेली, मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात थोडा वेळ. बूच काढायच्या आधी मी त्याला सारे सांगितले. मोरी, साडू, 'नासली आहे' हा निकाल, आणि तो फोन.

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"तू म्हणालास, रंग सुरेख, फेस सुरेख, चव सुरेख. आंबट म्हणाला नाहीस. जो ही पितो तो चांगली म्हणो की वाईट, पहिल्यांदा आंबटच म्हणतो. मला वाटलं, हा पुन्हा कधी काही खरं सांगेल की नाही."

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मी बूच काढले. हळूच सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. दोन पेल्यांत ओतले, तळातला गाळ बाटलीतच राहू दिला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याची ब्रसेल्समधली दोन वर्षे तिथे होती, माझ्या वाट्याला न येणारी. मग त्याने विचारले, "कशी आहे?"

मी म्हणालो, "आंबट आहे."

"मग?"

"मग थांब जरा. अजून सांगतो."

त्या संध्याकाळी आम्ही एवढ्या एका बाटलीवर दोन तास बसलो. पेल्यातला गारवा उतरत गेला तसा गंध उमलत गेला, आणि शेवटच्या घोटाला मला प्रथमच, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे, ती खरोखर आवडली. दुसऱ्या दिवशी वही काढून २०१३ सालचे पान शोधले. त्या बाटलीची नोंद मी तेव्हा केलेलीच नव्हती; खोटे बोललो होतो, पण लिहिण्याचे धाडस झाले नव्हते. त्या कोऱ्या जागेत तारीख घातली आणि पुढे लिहिले: 'चाखली नाही. ओतून दिली. चूक माझी.'

मित्र आता दर दोन-तीन महिन्यांनी येतो. बाटली दर वेळी असतेच असे नाही. बऱ्याचदा चहाच असतो. पण त्यात साखर कमी पडली असेल तर तो तसे सांगतो, आणि आता मीही सांगतो.